पोटाला लावलेला कान

माझं पहिलं मूल आम्ही जव्हारला असताना पोटातच गेलं, आणि ते नेमकं कधी गेलं हे कुणालाच सांगता आलं नाही. मला खाल्लं ते या गोष्टीनं. आठवा महिना होता. त्या आठवड्यात मी नागलीचे पापड लाटले, शेजारणीशी पाण्यावरून कडाकडा भांडले, ह्यांच्या सदऱ्याला गुंडी लावली, आणि चौथ्या दिवशी सुईणीनं पोटावर हात ठेवून तोंड फिरवलं. म्हणजे मी पापड लाटत होते तेव्हा ते होतं की नव्हतं? भांडत होते तेव्हा? मेलेल्या लेकराला पोटात घेऊन मी पाण्यासाठी तोंड वाजवत होते की काय? बायका म्हणायच्या, "असले विचार करू नयेत." करू नयेत म्हणे! विचार काय दारात उभे राहून परवानगी मागतात?

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा घरातल्यांना आनंद झाला आणि माझ्या काळजात चर्र झालं. आता हा चर्र बघा. तव्यावर पाणी पडलं की चर्र होतं, ते कानानं ऐकता येतं. काळजातला चर्र कुणी ऐकलाय? छातीत धस्स होतं, तो धस्स कसला आवाज आहे? काही पडत नाही, काही फुटत नाही. पण मराठी माणसाला "धस्स झालं" म्हटलं की पुढं एक अक्षर सांगावं लागत नाही. त्या नऊ महिन्यांत मी जेवढी धस्स झाले तेवढी नंतर सबंध जन्मात झाले नसेन.

ह्याच सुमाराला आमचे एक चुलतदीर जव्हारला येऊन राहिले. ते काड्यापेट्या करायला शिकण्यासाठी जपानात जाऊन आले होते. आगबोटीनं गेले, आगबोटीनं आले, कारखाना काही निघाला नाही, गप्पा मात्र पोतंभर घेऊन आले. ते सांगत, जपानी माणूस चार वाक्यं बोलला की त्यात एक तरी आवाजाचा शब्द घालतोच. पाऊस कसा पडतो, माणूस कसा हसतो, पोळी कशी कुरकुरते, सगळ्याला शब्द. वैद्याकडे गेला तरी नुसतं "दुखतं" म्हणून थांबत नाही. टोचल्यासारखं दुखलं तर "चिकुचिकु", ठणकलं तर "झुकिझुकि", आणि वैद्य त्यावरून काय ते समजतो. ज्याला आवाजच नाही त्यालाही शब्द. लखलखीत भांडं असेल तर "पिकापिका". छाती धडधडली तर "डोकीडोकी".

ह्यावर आमचे हे ठसका लागेपर्यंत हसले. "धडधडते छाती, आणि त्यात डोकी कशाला आणतात?" म्हणाले. मी म्हटलं, "हसायला काय झालं? आपल्यात काय कमी आहेत? ठणकतं, ठसठसतं, चुरचुरतं, मळमळतं, गुडगुडतं. नुसतं पोट धरून बसायच्या दहा तऱ्हा आहेत आपल्यात." दीर म्हणाले, "वहिनी, त्यांच्यात काहीच आवाज नसला तर त्यालाही आवाज आहे. घर रिकामं आहे, कुणी हलत नाही, बोलत नाही, तर ते म्हणतात, शीऽन."

तो शब्द मला अजिबात आवडला नाही. माझा हात आपोआप पोटावर गेला. पोटात तिसरा महिना होता, हालचाल कळायला अजून अवकाश होता, आणि तिथं जे होतं ते सगळं शीऽन होतं. मी पानं वाढायचं निमित्त करून आत निघून गेले.

पाचव्या महिन्यात ह्यांची बदली झाली. हे संस्थानच्या जंगलखात्यात कारकून होते. जव्हारला असताना निदान दवाखाना हाकेवर होता. बदली झाली खोडाळ्याला. बैलगाडीनं निघालं तर मोखाड्याला मुक्काम केल्यावाचून जव्हार गाठता येत नसे. माहेरी आई नव्हती, वडील एकटे, तेव्हा बाळंतपणाला तिकडे जायचा प्रश्नच नव्हता. "साहेबांना सांगा ना," मी म्हटलं. हे म्हणाले, "काय सांगू? बायको भिते म्हणून झाडं तोडायची थांबवा?" मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सामान बांधायला घेतलं.

खोडाळ्याला आमचं घर म्हणजे कारवीच्या कुडाच्या दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणापलीकडे भाताचं खाचर. लोक भले होते, पण त्यांचं आपसातलं बोलणं मला निम्मं कळे. मराठी त्यांना येई, पण ती कचेरीत घालायच्या टोपीसारखी, कामापुरती चढवायची आणि उतरवायची. त्यातून माझी सुटका झाली ती आवाजांच्या शब्दांनी. वाट कशी आहे म्हणून विचारलं तर बाई हातानं दाखवत म्हणे, "खडखड." किंवा "पचपच." पेज झाली का? "रटरट हाय अजून." नवरा कसा आहे तापातून? "फणफण गेली, कणकण हाय." हे शब्द त्यांच्या बोलीतले की माझ्या, असा प्रश्नच येत नसे. ते सगळ्यांचे होते. आणि तिथल्या बाया ते नुसते तोंडानं म्हणत नसत, सगळ्या अंगानं म्हणत. मी त्यांच्याशी तासन् तास तसल्या शब्दांवर बोलले आहे.

म्हातारी मला तिथंच भेटली. ती जवळच्या पाड्यावरची सुईण. बाजाराच्या दिवशी आमच्या अंगणावरून तिची वाट होती. एका बाजाराला ती वाटेत थांबली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "कितवं गो बाय?"

"दुसरं. पहिलं गेलं."

"कदी गेलं?"

"तेच तर कुणाला कळलं नाही," मी म्हटलं, आणि काय झालं कोण जाणे, परक्या बाईपुढे अंगणात उभी राहून भोकाड पसरलं.

तिनं डोक्यावरचं टोपलं खाली ठेवलं. मला ओट्यावर आडवं केलं. लुगडं बाजूला सारून माझ्या पोटावर सरळ कान ठेवला. विचारलं नाही, सांगितलं नाही. तिचा कान गार होता आणि केसांना धुराचा वास होता. मग ती माझ्या पोटावरूनच बोलायला लागली, "हुश्श… हुश्श… हुश्श… ही तू. तुझं रगत." कान जरा खाली सरकवला. "गुडगुड. ही तुझी भाकर." आणखी डावीकडे सरकवला. थांबली. मी श्वास धरला. आणि मग ती अगदी हलक्या तोंडानं, जिभेच्या शेंड्यानं म्हणाली, "दुडुदुडु दुडुदुडु दुडुदुडु…"

"हे काय?"

"हे त्ये. धावतंय."

आमच्याकडे पोर नुसतं चालायला लागलं की म्हणतात, दुडुदुडु धावतंय. तोच शब्द. माझं पोर जन्माच्या आधीच धावत होतं आणि म्हातारी मला ते तोंडानं ऐकवत होती. आजपर्यंत माझ्या पोटाला चार जणींनी हात लावला होता. "बरं आहे" म्हणाल्या, "ठीक आहे" म्हणाल्या. बरं म्हणजे काय, ठीक म्हणजे काय? हिनं बरं म्हटलं नाही, ठीक म्हटलं नाही. जे आत होतं ते उचलून बाहेर आणून माझ्या कानात घातलं. मी इतकी रडले की तिनं मला चापट मारली.

त्या पाड्यावर ही रीतच होती. सुईणीनं पोटाला कान लावायचा आणि आत जो आवाज असेल तो पोटुशीला बोलून ऐकवायचा. त्यात तीन आवाज मुख्य. दुडुदुडु म्हणजे मूल सुखी. फडफड म्हणजे घाबरलंय, जाळ्यात पाखरू सापडल्यासारखं. आणि ढुप… ढुप… म्हणजे दमलंय, आता हातपाय हलवा. मी ते सगळं लिहून ठेवलं. घरात कोरा कागद कुठला? जंगलखात्याचे लाकूड नेण्याचे खराब झालेले दाखले होते, त्यांच्या पाठीवर. ह्यांनी ते बघितलं. "अगं, दाखल्यावर ढुपढुप काय लिहितेस? एखादा चुकून साहेबाच्या हाती गेला म्हणजे? ऐन तीन नग, साग दोन नग, ढुपढुप एक!" हसले खरे, पण दुसऱ्या दिवसापासून खराब दाखले आपणहून माझ्या फडताळात ठेवू लागले.

मला मात्र त्या आवाजाचं व्यसन लागलं. आधी ती बाजाराच्या बाजाराला येई. मग मी एक दिवसाआड बोलवायला लागले. मग रोज. सकाळी दुडुदुडु ऐकलं की दुपारपर्यंत जिवात जीव असे. दुपार टळली की पुन्हा छातीत खुडबुड सुरू. आता असेल का? आत्ता, ह्या क्षणी? मी स्वतः वाकून ऐकायला बघायची. आपलाच कान आपल्या पोटाला कसा लागणार? ह्यांना लावायला सांगितला तर हे म्हणाले, "मला गुडगुडच ऐकू येतं, तू सकाळी पावटे खाल्लेस का?" मग संध्याकाळीही म्हातारीला निरोप. एकदा ती चिडली.

"मी काय विहीर हाय? दोर टाकला की पानी?"

"आजी, नुसतं एकदा म्हण ना. तिथंच उभी राहून म्हण. कान नाही लावलास तरी चालेल."

हे ऐकून तिचा चेहरा इतका बदलला की मी उठून बसले. ती म्हणाली, "आसं परत बोलू नको. कानात यील तेवडंच मी बोलनार. पदरचं घातलं का तोंड उष्टं झालं. उष्ट्या तोंडाच्या बाईनं पोटाला कान लावायचा नसतो. मग तिनं घरी बसून टोपल्या विनायच्या." तिच्या आईनं तिला तसं शिकवलं होतं, आईला तिच्या आईनं. मी घाईघाईनं माफी मागितली. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. मला वाटलं, म्हातारीचं एक खूळ.

आठवा महिना लागला आणि मी चालायची बंद झाले. पापड नाही, भांडण नाही, गुंडी नाही. मागच्या खेपेला जे जे केलं होतं ते ते टाळलं. खाचरात सळसळ झाली तरी दचकायची. कुडाच्या भिंतीत उंदरानं कुरतडलं तरी ऊर धपापायचा. हे शेजारच्यांना सांगत, "आमच्याकडे सध्या मांजरालाही दबकत चालावं लागतं." म्हातारी येई, ऐके, बोले. कधी एखाद्या दिवशी मध्येच फडफड निघे आणि मी पांढरीफटक पडे. ती म्हणे, "तू भ्यालीस का त्ये भितं. गप पड." मी गप पडे, आणि थोड्या वेळानं पुन्हा दुडुदुडु.

मार्गशीर्षात, खळ्यावर झोडणी चालली होती त्या दिवसांत, एका सकाळी मला कळा सुरू झाल्या. ह्यांनी शिपायाला पळवलं. म्हातारी आली, बरोबर तिची सून आली, पाणी तापवायला आणि धरायला. सुनेलाही दिवस होते, माझ्याहून तीन महिने मागं. ती पोरगी सबंध सकाळ चुलीपाशी बसून माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. मी कळेसरशी किंचाळले की तीही हात आपल्या पोटावर नेई. मला तिचा राग आला. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नकोस. चूल बघ."

म्हातारी प्रत्येक कळेला कान लावत होती. तिनंच मला आधी समजावून ठेवलं होतं की कळ आली की पोरही दबकतं, कळ सरली की पुन्हा धावतं. आणि तसंच होत होतं. तिच्या तोंडातून येई, "दुडुदुडु, दुडु, दु… दु…" आणि माझी कळ ओसरली की, "…दु, दुडु, दुडुदुडु." मी त्या दबकण्यात जीव मुठीत धरून बसे, आणि ते उठलं की मीही उठे. सकाळभर आम्ही तिघं त्या एका दोरीवर होतो, ती, मी आणि ते.

दुपारी उन्हं आत आली तरी मूल येईना. माझं अंग मोडून गेलं होतं. मांड्या लटलट कापत होत्या. म्हातारीनं तोंडानं म्हटलं, "फडफड." मग बराच वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाली, "ढुप." आणि थांबली. कान हलवला. डावीकडे लावला, उजवीकडे लावला, पार खाली जांघेपाशी लावला. तोंड मिटलेलं. बाहेर झोडणीचा धपधप आवाज येत होता आणि आमच्या खोलीत शीऽन होतं. देवाशपथ सांगते, तो जपान्यांचा शब्द मला तिथं आठवला. त्या खोलीत त्याच्याशिवाय दुसरा शब्दच नव्हता.

"बोल," मी म्हटलं.

तिनं कान पुन्हा डावीकडे नेला.

"आजी, बोल! बोल ना गं! थांबू नकोस, तुझ्या पाया पडते, बोल!"

मी तिचे केस धरले होते, हे मला नंतर तिच्या सुनेनं सांगितलं. मी जोर लावायचा सोडून दिला होता. मला वाटलं, गेलं. आता मागच्यासारखंच. आता बाहेर येईल ते पुरायचंच येईल, मग कशाला एवढा आटापिटा? मला जावं असं वाटत होतं, त्याच्याबरोबर. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला ते फार सोपं वाटलं.

मग म्हातारीनं पोटावर कान दाबला, समोरच्या खांबाकडे नजर लावली आणि म्हणाली, "दुडुदुडु. दुडुदुडु. दुडुदुडु."

माझ्या अंगात कुठून जोर आला कोण जाणे. कळ आली, मी दात चावून जोर लावला. "दुडुदुडु दुडुदुडु," ती म्हणत राहिली. दुसरी कळ आली. "दुडुदुडु दुडुदुडु." आणि त्या दुसऱ्या कळेच्या ऐन माथ्यावर मला कळलं. ते दबकलं नव्हतं. कळ आली तरी दबकलं नाही, कळ गेली तरी उठलं नाही. सरळ, एकसारखं, खांबाकडे बघत ती म्हणत होती. तिच्या कानात काही नव्हतं. ते सगळं ती पदरचं घालत होती.

मी तिला तसं बोलून दाखवलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिचा घसा बसत चालला होता तरी ती म्हणत होती, आणि खोटं आहे हे पक्कं ठाऊक असून मी त्या खोट्याला धरून जोर लावत होते. तशा किती कळा गेल्या, मला सांगता येणार नाही. उन्हं भिंतीवरून उतरून जमिनीला टेकली तेव्हा मूल आलं.

निळं आलं. ओल्या चिंधीसारखं लोंबत आलं. म्हातारीनं त्याच्या तोंडात बोट घालून घाण काढली, तोंडाला तोंड लावून फुंकलं, पालथं धरून पाठ चोळली. सुनेनं काशाची थाळी घेऊन त्याच्या कानाशी ठणठण बडवायला सुरुवात केली. म्हातारीनं नाळ न कापता, मागोमाग पडलेली वार निखाऱ्यावर शेकायला धरली, नाळेवाटे ऊब आत जावी म्हणून. ठणठण ठणठण. मी भिंतीकडे तोंड केलं. मला बघायचं नव्हतं, ऐकायचंही नव्हतं. तेवढ्यात "खिक्" असं काहीतरी झालं, उचकी लागल्यासारखं. पुन्हा खिक्. आणि मग ट्यांहां! ओटीवरून ह्यांचा आवाज आला, "काय झालं? कोण रडतंय?" अरे, कोण रडणार! मुलगी झाली होती.

बाराव्यापर्यंत म्हातारी रोज न्हाऊ घालायला आली. पोरीला तेल चोळायची, माझं पोट बांधायची. पण बोलायची नाही. बाराव्याला मी तिची ओटी भरली, तिनं ती मुकाट्यानं घेतली आणि गेली. पुढं सव्वा महिना व्हायच्या सुमारास शिपाई सहज बोलून गेला की म्हातारीनं सुईणपण सोडलं. तीन बाया बोलवायला आल्या, तिन्ही परत पाठवल्या. म्हणते, कान गेला. माझ्या छातीत धस्स झालं. कान गेला नव्हता, हे ठाऊक असलेलं जगात मी एकच माणूस होते.

सव्वा महिन्याची आंघोळ झाल्यावर मी ह्यांना गाडी जोडायला लावली आणि पोरीला घेऊन पाड्यावर गेले. हे गाडीपाशी थांबले. म्हातारी अंगणात टोपली विणत बसली होती. पोरीला बघून हसली, पण हात पुढं केले नाहीत.

"आजी, मला कळलं होतं," मी म्हटलं.

"काय?"

"दुपारनंतर तुला काही ऐकू येत नव्हतं, ते. कळ आली तरी तुझं दुडुदुडु दबकलं नाही. तूच शिकवलं होतंस."

तिच्या हातातली बांबूची पट्टी थांबली. मग म्हणाली, "कळलं व्हतं, तर मग जोर कशाला लावलास?"

"भ्याले. तू थांबशील म्हणून भ्याले. तू थांबली असतीस तर ते खरं झालं असतं."

"मग मी तोंड कुनासाठी उष्टं केलं गो?" ती म्हणाली.

मी पोरीला पुढं धरलं. "ही जगली ना! बघ की. तू म्हणालीस ते खरंच निघालं."

"तिची ती जगली. मी बोलले तवा मला काय ठावं व्हतं?" तिनं पुन्हा पट्टी ओवायला घेतली.

तेवढ्यात आतून तिची सून आली. तिचं पोट आता चांगलं पुढं आलं होतं, चेहरा उतरलेला. ती माझ्या अगदी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाय, तू सांग तिला. माज्या पोटाला कान लाव म्हनावं. दोन दिस झालं, हलत नाय."

मी म्हातारीकडे बघितलं. "अगं, तुझंच नातवंड आहे!"

"म्हनून तर," ती म्हणाली. "उष्टं तोंड त्याला लावू?" तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि हात विणत होते.

मी विनवलं, रागावले, नाही नाही ते बोलले. म्हातारी मान हलवत राहिली. तेव्हा ती पोरगी माझ्यासमोर ओट्यावर आडवी झाली आणि लुगडं बाजूला करून म्हणाली, "तर तू लाव." मी माझ्या पोरीला खाली ठेवलं. गुडघ्यावर बसून कान लावला. हुश्श… हुश्श… हे तिचं. गुडगुड, ही तिची भाकर. डावीकडे सरकले. उजवीकडे सरकले. खाली सरकले. काही नाही. पण मला कुठं ते येत होतं? माझ्या कानाला काय कळतं? असेलही आत कुठंतरी, मला सापडत नसेल. मी मान वर केली तर ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी ओळखली ती नजर. ती माझीच होती.

"सांग ना," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. माझ्या जिभेच्या शेंड्यावर तो शब्द आला होता. तोच म्हातारीनं उठून माझ्या तोंडावर हात दाबला. बांबूनं चिरलेला, खरखरीत हात. "तू नको," ती म्हणाली. "तुला पोर हाय आता."

वाटेवरून हे हाका मारायला लागले, "चला, उन्हं कलली." मी पोरीला उचललं. त्या सुनेकडे न बघता गाडीत जाऊन बसले. ती तशीच ओट्यावर पडून होती, लुगडं बाजूला सारलेलं, कुणी कान लावील म्हणून.

पुढच्या पंधरवड्यात ह्यांची बदली पुन्हा जव्हारला झाली. मी किती आनंदले म्हणून सांगू! खोडाळ्याचा शिपाई आठवड्याला कचेरीचं टपाल घेऊन जव्हारला येत असे. आमच्याकडे पाणी प्यायला टेकायचा, पोरीला खेळवायचा. तो त्या पाड्याजवळचाच होता, त्याला सगळं ठाऊक असणार. उठताना दर खेपेला विचारायचा, "बाय, तिकडं काही निरोप? काही विचारायचं हाय?"

मी म्हणायची, "नाही रे. काही नाही."